घडीचं यंत्र

राहे गावातल्या चर्चच्या कचेरीत
मार्चमधल्या एका मंगळवारी
ताउनो रांताकांगास तीन यंत्रं घेऊन आला,
बुटांवरचा बर्फ दारातच झटकला,
आधी कॉफी घेतली, मग प्लग शोधला.

पहिलं जर्मन. तासाला सात हजार कागद.
मी हिशेबनीस. म्हटलं, आमची वर्षाची पत्रं चार हजार,
उरलेलं वर्ष हे काय करणार?
ताउनो हसला.
माहितीपत्रकात या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

टेबलाच्या टोकाला, आपल्या जागेवर, हेल्का,
हातात रेनडियरच्या शिंगाची पट्टी.
एकतीस वर्षं तिनं या गावाची पत्रं दुमडली:
नाताळची वर्गणी, मुलांच्या शिबिराचं बोलावणं,
छपराचा खर्च, पुन्हा छपराचा खर्च,
आणि एप्रिलमधली ती करड्या शिक्क्याची,
की आपल्या कुटुंबाच्या थडग्याच्या जागेची मुदत
या वर्षी संपत आहे, वाढवायची असल्यास कळवावे.
खालचा भाग वर, वरचा खाली,
वरून शिंगाची एक सर्र.

आता सकाळी तिच्या अंगठ्याला
मुरांब्याच्या बरणीचं झाकणही दाद देत नाही.
म्हणून यंत्र. मंडळानं ठराव केला.
निवड हेल्कानंच करावी, असं कुणीतरी म्हणालं,
आजाऱ्याला विचारतात ना,
आज काय खावंसं वाटतंय, तशा सुरात.

दुसरं यंत्र हवेनं कागद ओढायचं.
गुळगुळीत कागदाला उत्तम, ताउनो म्हणाला.
आमच्याकडे गुळगुळीत एकच: बिशपचं पत्र, वर्षातून एकदा.
आवाज मात्र मऊ,
हातमोजे न काढता कुणी टाळ्या वाजवाव्यात तसा.

तिसरं त्यानं जरा मागेच ठेवलं होतं.
बुटकं, वापरलेलं, औलूच्या विमा कचेरीतून परत आलेलं.
झाकण पारदर्शक, कोपऱ्यात तडा.

रबरी रोलर किती वर्षं टिकतात, हमी कशाची,
हे सगळं मी विचारलं.
हेल्कानं काहीच विचारलं नाही.
तिनं एप्रिलचा गठ्ठा काढला, खराखुरा,
आणि जर्मन यंत्रात घातला.
अठ्ठेचाळीस पत्रं, चोवीस सेकंद,
काठाला काठ, इस्त्रीच्या कपड्यांसारखी.
"घडी छान आहे," ती म्हणाली,
आणि एकेक पत्र उलगडून वाचायला बसली.

ताउनोनं माझ्याकडे पाहिलं,
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

एकविसावं तिनं बाजूला ठेवलं.
ओन्नी सावोला, पत्नीच्या जागेबाबत.
"हा जानेवारीत गेला. तिच्याच शेजारी आहे.
नोंद झाली, यादी तशीच राहिली."
यादी माझी होती.

चौतिसावं आउने पेल्तोनेनचं.
"हिला आता अक्षरं दिसत नाहीत. मी फोन करते."

पगारपत्रकात हेल्काच्या नावापुढे
इतकी वर्षं मीच लिहीत आलोय:
टपाल, घड्या.

मग तिनं बुटक्यात दहा कागद लावले,
झाकणातून वाकून नावं वाचत राहिली,
आणि मध्येच बटणावर करंगळी टेकवली.
कागद अर्ध्यात थांबला.
तिनं चाक उलटं फिरवलं, तो मुकाट्यानं परत आला,
एकाच दुमडीनिशी.
त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.
"हे थांबतं," ती म्हणाली.

ताउनो म्हणाला, हे सगळ्यात सावकाश आहे.
जर्मन यंत्राच्या पाचव्या हिश्शात आलं,
तडा धरून.

त्याची घडी बसायला आठवडा गेला,
दमट कागद त्याला आवडत नाही,
बंदरावरून वारा आला की हटून बसतं.
शिंगाची पट्टी आता
रोलरमधला अडकलेला कागद काढायला.

मी खतावणीत डोकं घालून बसतो.
खटक, खटक, खटक,
आणि कधीतरी एकदम काहीच नाही.
मी पेन खाली ठेवून यादी उघडतो,
विचारतो, "कोण?"