उरलेले बटाटे

शर्यत मी पाहत नाही. माझी पाठ तिच्याकडे.
आर्देनच्या जंगलात, चढावरच्या वळणामागे
एकतीस वर्षं माझी तळणीची गाडी उभी आहे
आणि तिची खिडकी उघडते माणसांकडे.

भाऊ माझा, गिस्लँ, पिवळं निशाण धरून
कुंपणापाशी उभा असायचा. गुडघे गेले तसा
आता घडीच्या खुर्चीत वही घेऊन बसतो.
ओव्हरटेक किती, आघाडी कितीदा बदलली,
पाऊस आला तर अर्धा गुण वर,
शेवटच्या फेरीत काही घडलं तर दीड.
बेरीज करतो आणि म्हणतो, साडेसहा.
जणू शर्यत म्हणजे शेवटच्या बाकावरची पोर
आणि हा तिचा गणिताचा मास्तर.

माझं माप कढईत आहे.

शर्यत मिळमिळीत असली की रांग लागते.
लोक सगळ्या सॉसांची नावं सावकाश वाचतात,
नाणी मोजून देतात,
लिएजच्या जावयाचं सांगतात, मूतखड्याचं सांगतात,
मीठ कमी पडलं म्हणून परत येतात.
तिकडे पहिली गाडी केव्हाच निघून गेलेली,
बाकीच्या मागून वरातीसारख्या.
नमनालाच घडाभर तेल,
पण ते तेल माझ्या कामी येतं.
गल्ला भरतो. असा रविवार मला परवडतो.

आणि शर्यत रंगली की
तळलेलं तसंच राहतं.
एकदा एक लक्झेंबर्गचा माणूस
पन्नासची नोट फळीवर ठेवून वळला, आवाज ऐकला,
आणि धावला. ना बटाटे नेले, ना उरलेले पैसे.
ती नोट मी तीन वर्षं डब्यात ठेवली होती.

बटाटे दोनदा तळायचे, आई सांगायची.
आधी मंद आचेवर. मग बाहेर काढून थांबायचं.
मग कडकडीत चरबीत सोडायचे.
मधलं थांबणं चुकलं
तर वरून सोनेरी आणि आत कच्चे.
मी म्हणते, शर्यतीचंही तेच असणार.
गिस्लँ हसतो : थांबण्याला गुण कसे देऊ, ओडील?

खरं सांगायचं तर माझं मापही फसतं.
रांग आणखी एका कारणाने मोडते.
इंजिनांचा आवाज एकेक करून विझतो,
झाडांमागून धूर वर येतो
आणि कढईला फरक कळत नाही.
मला कळतो. एरवी माझ्यासमोर नुसत्या पाठी असतात,
त्या दिवशी सगळे चेहरे माझ्याकडे वळलेले होते,
कारण दुसरीकडे कुठे पाहवत नव्हतं.
मी गॅस बंद केला.
गिस्लँच्या वहीत ते पान कोरं आहे.

गेल्या ऑगस्टातली शर्यत पेपरवाल्यांनी
दोन ओळींत उरकली. पहिला तो पहिलाच राहिला.
माझ्याकडे मात्र त्रेचाळीस कागदी शंकू थंडगार.
काय चाललंय म्हणून एप्रनसकट बाहेर आले
तर अख्खी टेकडी उभी, पोरं बापांच्या खांद्यांवर.
पडद्यावर भलतंच काहीतरी दाखवत होते.
खाली अकराव्या जागेसाठी दोन गाड्या,
एक हिरवी, एक कळकट पांढरी.
दर फेरीला पांढरी वळणातून बाहेर यायची
आणि मधलं अंतर वीतभर कमी झालेलं असायचं.
कधी वीतभर वाढलेलं.
माझ्या शेजारी वालराफ नावाचा एक म्हातारा होता,
माझा हात धरलाय हे त्याच्या गावीही नव्हतं.
ओव्हरटेक झालाच नाही.

संध्याकाळी गिस्लँ आला. चार, म्हणाला,
आणि एवढे कसे उरले म्हणून विचारलं.
मी सांगितलं नाही. शंकू पुढे सरकवला.
थंड बटाटे खाता खाता तो वही चाळत राहिला,
मीठ कमी आहे म्हणाला.
चारच्या आकड्यावर आता
तेलकट बोटाचा एक डाग आहे,
उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.