उतरंड

परभणीचा दवाखाना. एक्स-रे विभागामागं
पूर्वी चादरी ठेवायचे त्या खोलीत
आता रॅक उभा आहे.
एप्रिल. एसी मंजूर झालाय, कागदावर.
मुंजाजी बोबडे टेबलफॅन रॅकच्या तोंडाला लावून
स्वतः दारात बसतात, पेपरानं वारा घेत.

इतके दिवस चार कोपऱ्यांत चार स्विच होते.
चार पत्ते, चार पासवर्ड,
मुंजाजींच्या वहीत, दुधाच्या हिशेबामागच्या पानावर.
कुठला बंद पडला ते आधी ओरडण्यावरून कळायचं.

महिनाभर वायरी ओढल्या. मग चारी
एकावर एक बसवले. पाठीमागून जाड, आखूड केबल:
पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
तिसऱ्यातून चौथ्यात.
ख्वाजा टॉर्च धरून होता. म्हणाला,
"मॅडम, उतरंडच झाली की."

आमच्या आईचा बाजार मानवतला.
गोणपाटावर उतरंडी. खाली डेरा,
त्यावर घागर, मडकं, गाडगं, सगळ्यात वर येळणी.
आणि गिऱ्हाइकाचं बोट नेमकं खालच्या डेऱ्यावर.
आई एकेक उतरवायची, बोटानं वाजवून दाखवायची,
नको म्हणाले की पुन्हा एकेक चढवायची.
एकदा एका पोरानं मधलंच ओढलं.
खापरं आईनं पदरात वेचली. पोराला काही बोलली नाही.
त्याच्या बापाचं घर वरच्या आळीत होतं.
उतरंड या शब्दाचा दुसरा अर्थ
मला त्या बाजारात कळला, शाळेत नाही.

यांची तऱ्हा वेगळी.
चौघांचा पत्ता आता एकच. बाहेरून हाक मारली
की एक ओ देतो, बाकीच्यांचंही तोच सांगतो.
मुख्य कोण, हे वर-खाली बसण्यावर नसतं.
आकडा देऊन ठेवायचा. ज्याचा मोठा, तो.
आणि दुसरा जागा राहतो,
पहिल्याचं सगळं पाठ करत.

फक्त चौथ्याकडून पहिल्याकडं परत येणारी केबल
वीतभर कमी पडली.
ती नसली तर ही साखळी. लागली की कडं.
साखळी मधे तुटली तर दोन तुकडे होणार
आणि दोन्हीकडून आवाज येणार, मीच मुख्य,
भावकीत होतं तसं.
कडं तुटलं तर निदान साखळी उरते.
दोन दिवसांनी केबल जालन्याहून आली,
एसटीत, कंडक्टरच्या सीटखाली,
कुणाच्या तरी कैऱ्यांच्या पिशवीला टेकून.

मग परीक्षा. दुपारी अडीच,
ओपीडी सरत आलेली. मुंजाजी म्हणाले, "राहू द्या ना, चालू हाय तर."
मी पहिल्याची वीज काढली. मुख्याचीच.

दिवे गेले. आतला पंखा घरघरत थांबला.
मी हात पसरून उभी,
कोसळणारं काही धरायला.

दुसऱ्याचा दिवा हिरवा झाला.
लेखा विभागाच्या बारा वायरी पहिल्यासोबत गेल्या,
खोटं कशाला सांगू. तिथून फोन आलाच.
पण औषधांचा काउंटर चालू होता,
रक्ताचे रिपोर्ट निघत होते.
मुंजाजी बाहेर चक्कर मारून आले.
"काई नाही. एक बाई चिल्लरवरून भांडायलीय."

मी स्क्रू काढले, खालचा पहिला बाहेर ओढला,
मांडीवर घेतला. आव्यातून काढल्यासारखा गरम.
सवयीनं बोटानं वाजवला.
बद्द वाजला.

"फुटका हाय काय?" मुंजाजींनी विचारलं.

वर तिघे जागच्या जागी, लुकलुकत.