कळकाची बंडी

वैजूनं पुण्याहून बंडी धाडली.
फोनवर म्हणाली, आई, बांबूची आहे.
मिरजेतली आमची बुरूड गल्ली
पोट धरून हसली.

हे म्हणाले, कुठला गं कळक हा?
पेर लागत नाही, गाठ लागत नाही.
शिवणीवरनं अंगठा फिरवत राहिले,
सल शोधल्यागत.

आतल्या चिठ्ठीवर धुण्याची रीत:
गार पाणी. पिळू नये.
सावलीत, आडवी वाळवावी.
अगं, बेळांना मी हेच करतो की,
उन्हात टाकली तर तडकतात.

चाळीस वर्षं ह्यांचे सदरे
मी दगडावर आपटले.
काल घमेल्यात बंडी बुडवली,
तळव्यांत धरून नुसती दाबली.
पाणी आपलं आपण सुटलं.
दगड कोरडाच राहिला, मला कसंसंच झालं.

उपड्या पाटीवर पसरायची म्हणून
आधी पाटीवरनं हात फिरवला,
एखादी काडी वर आली असेल तर.
तिथं काही नव्हतं.

संध्याकाळी घालताना
ह्यांच्याच बोटाच्या भेगेत धागा अडकला,
वीतभर ओढला गेला.

वैजूला सांगू नकोस, म्हणाले,
आणि हात
खोबरेलाच्या वाटीत बुडवून बसले.