भट्टीच्या चावीसोबत

ओनेर्वा,
चावी डाव्या खणात आहे, हातमोज्यांच्या खाली.
उद्यापासून पांढरं तुझ्याकडे.

बाटलीतला टायटॅनियमचा द्रव हवेतल्या ओलीलाही बिचकतो,
बूच अगदी शेवटी काढ.
आम्लाच्या पाण्यात थेंब थेंब सोड.
दूध नासावं तसं सगळं फाटेल.
पहिल्या वर्षी मी तीनदा ओतून दिलं
फाटलं म्हणून.
फाटायलाच हवं असतं ते.
मग ऐंशी अंशांवर आठ तास ढवळत ठेव,
गुठळ्या हळूहळू हट्ट सोडतात
आणि वर निळसर झाक येते, साय काढलेल्या दुधाची.
ती दिसली की कोट काढ, जेवून ये.

रात्री पोलादाच्या भांड्यात, दोनशे तीस अंश, बारा तास.
आत कण वाढतात, पण बेतानं:
केसाच्या रुंदीत चार हजार मावतील इतकेच.
फार मोठे झाले की रंगाला बसायला जागा कमी पडते.
माणसांचंही तसंच, असं लिहिणार होते,
पण ते खरं नाही.

माझे वडील, काउको,
बंदराजवळच्या रंगाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं हेच पांढरं पोत्यांत भरायचे.
भुवया पांढऱ्या, डब्यातला पाव पांढरा.
इस्पितळांच्या भिंती, रस्त्यावरचे पट्टे, बोटींच्या कडा,
सगळीकडे त्यांच्या पांढऱ्याला एकच काम:
आलेला उजेड दारातूनच परत धाडायचा.
मी त्याला आत घ्यायला शिकवते, म्हटल्यावर
ते बराच वेळ कॉफी ढवळत राहिले.
तीत साखर नव्हती.

काचेची वीज वाहणारी बाजू वर. मीटर लावून बघ,
डोळ्यांवर विसंबू नकोस.
दोन कडांना चिकटपट्टी, एकच पदर.
दोन लावलेस तर थर जाड होतो
आणि आटलेल्या तळ्यासारखा भेगाळतो.
लगदा मध्ये ठेव, काचेची दांडी एकदाच ओढ.
मागे फिरवायची नाही.

भट्टीत साडेचारशे अंशांच्या वाटेवर
पांढरं तपकिरी पडेल, करपल्यासारखं.
थांब.
जळतंय ते आपण मिसळलेलं, त्याचं स्वतःचं काही नाही.
अर्ध्या तासात ते पुन्हा पांढरं होतं.
तेरा नंबरची काच मी त्या तपकिरी वेळी बाहेर ओढली,
ती अजून टेबलावर आहे, तिच्यावर पेन ठेवते.

काच कोमट आहे तोवरच रंगात बुडव.
गार झाली तर ओल आधी जाऊन बसते.
महागडा लाल रंग प्राध्यापकांच्या कुलपात.
माझा रंग फ्रीजरमध्ये: निळ्या बेरी,
ऑगस्टात शेजारच्या सिस्कोबरोबर दलदलीकाठी वेचलेल्या,
डास खात असताना.
रात्रभर मुरू दे.
सकाळी पांढरं जांभळं झालेलं असेल,
वरवर नाही, आतल्या प्रत्येक फटीपर्यंत.
टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यात
आत उलगडलं तर अख्ख्या खोलीला पुरेल इतकं अंगण असतं.
मग आयोडीनचे दोन थेंब, वर प्लॅटिनमची काच, दोन चिमटे.

दिव्याखाली सगळे मोजतात, तूही मोज,
वहीत तेच आकडे जातात.
पण डिसेंबरात, इथे ओउलूत,
सूर्य साडेदहाला येतो, क्रेनच्या गुडघ्यापर्यंत चढतो
आणि दोनला निघून जातो,
तेव्हा एक काच तिसऱ्या मजल्याच्या दक्षिण खिडकीत ने.
काल मी नेली. बाहेर उणे एकोणीस.
काटा हलला. फार नाही,
झोपेत कूस बदलावी तेवढा.
मी हात काचेवर धरला, पडला. काढला, उठला.
असं किती वेळ केलं ते लिहून ठेवलेलं नाही.

टेबलावरचे आयोडीनचे डाग निघत नाहीत.
फ्रीजरच्या खालच्या कप्प्यातल्या बेरी खाऊ नकोस,
त्यांना आम्ल लागलंय.
वरच्या खा.

लेम्पी