मोज्यातली बाटली

सहा बाटल्या, सहा लोकरी मोजे.
अदेरितुच्या बायकोने विणलेले. एकाची टाच उसवलीय,
आत काच दिसते, लेबल नाही.
विझेऊमधला फेब्रुवारी, हीटर एकाच बाजूने तापतो.
जो हरेल त्याने पुढच्या गुरुवारी चीज आणायचं.

पहिल्या तीन सोप्या गेल्या.
चौथी ओतली तशी एर्मिंदा म्हणाली,
"हिच्यात पाणी घातलंय की काय?"
इतकी फिकी. काठाला विटेचा रंग.
ग्लास तिरका धरला तर खालच्या कागदावरचं
माझंच अक्षर वाचता येत होतं.

वास आधी आंबट चेरीचा,
मग पाइनच्या चिकाचा, मग कशाचा तरी,
ज्याला तक्त्यात रकाना नव्हता:
ओला दोर,
खाऱ्या वाऱ्यात राहिलेलं गोणपाट.
घोट घेतला आणि जीभ टाळूला चिकटली.
अंगाने एवढी किरकोळ, आणि इतकी तुरट!

"बागा," एर्मिंदा म्हणाली. दोघांनी मान डोलावली.
बागा असायला हरकत नव्हती.
पण बागा चिकणमातीत पाय रोवून उभी राहते,
ही वाळूतली.

कोलारिशला वाळू दोन-तीन पुरुष खोल.
खाली माती लागेपर्यंत खणायचं, वेल तिथे लावायची.
खणताना बाबा डोक्यावर टोपली उपडी घालत.
कड ढासळलीच तर टोपलीत चार श्वास उरतात,
तेवढ्यात वर ओढायचं.
दोराचं दुसरं टोक माझ्या हातात.
मी नऊ वर्षांचा. दोर कायम ओला.

सत्त्याऐंशी साली ती वाळू विकली. सही माझी.
आता तिथे नऊ बंगले आहेत
आणि निळ्या फरशीचे पोहायचे तलाव.

रामिश्कु.
नाव अगदी जिभेवर होतं.
"आणि तू, बेल्मिरु?" अदेरितुने पेन्सिल उचलली.
रस्त्यात घेणेकरी दिसला की माणूस
दुकानातल्या टोप्या बघत उभा राहतो,
तसा मी हीटरकडे बघितलं.
ओळख दाखवली नाही.
"बागा," म्हणालो.

मोजा उतरला. सगळे हसले,
"अरे, तू तर तिथलाच ना!"
चीज माझ्यावर आलं. मेंढीचं आणेन, मऊ.

ग्लास विसळायला नेला तेव्हा
तळाशी काहीतरी बारीक होतं.
बोटाने चाचपून पाहिलं.
वाळू नव्हती.
गाळच.