नाव

हॅरोज लँडिंगच्या ग्रंथालयाच्या तळघरात
दर गुरुवारी मी स्कॅन करते असाहेल पेनरॉडची खोकी.
तासाला चौदा डॉलर. हातमोजे त्यांचे.

पहिल्या खोक्यात ओहायो नदीवरच्या नावेचा जमाखर्च.
बाप बुडाला, तेव्हा अठराव्या वर्षी वल्हं हातात आलं.
घोडागाडी पंचवीस सेंट, डुक्कर दोन,
पाद्री फुकट, बॅप्टिस्ट असेल तर अर्धे.
मध्येच एक ओळ, तारखेशिवाय:
पलीकडून तिघं. रात्री. पैसे घेतले नाहीत.
लगेच खाली, डुकरं, सतरा.

दुसरं खोकं जड. माणूस बोलायला लागला.
कोर्टाच्या पायरीवर उभा राहून दीडदीड तास,
आधी व्हिग, मग डेमोक्रॅट, मग कुठल्याशा तिसऱ्याच तंबूत.
लहानपणी आम्ही खेळायचो, तळ्यात, मळ्यात,
चुकला तो बाद. हा चुकायचा नाही.
केंटकीच्या तंबाखूवाल्यांना तो आपला वाटे,
अलीकडच्या क्वेकरांनाही.
दोन्ही दरडींवर हात ठेवायचे
तर हात तेवढे लांब लागतात. नावाड्याचे असतात.

वॉशिंग्टनला गेला नवे बूट घालून.
थर्झाला लिहितो, बूट चावतात, माणसंही.

मग पन्नास सालचा तो सप्टेंबर.
पळून आलेल्या गुलामांना धरून
मालकाच्या हवाली करायचं विधेयक.
एकेक नाव पुकारलं जात होतं.
प आला.
पेनरॉड पाणी प्यायला बाहेर गेला होता.

पाणी गढूळ होतं, एवढंच आहे पत्रात.
मी पान उलटून पाहिलं,
दिव्यासमोर धरून पाहिलं.

पुढच्या निवडणुकीत पडला.
उरलेली वीस वर्षं पुलासाठी अर्ज, शिष्टमंडळं, जेवणावळी.
पूल झाला, आणि घरची नाव काठाला लागली ती लागलीच.
उद्घाटनाच्या फोटोत तो कडेला आहे,
हलला असणार ऐन वेळी,
चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

फॉर्मवर रकाना आहे: महत्त्वाची कामगिरी.
पूल लिही, वरून लोर्ना स्टुट्झ म्हणाली, आणि दिवे बंद कर.
लिहिलं.

मग पहिलं खोकं परत उघडलं.
ती ओळ मोठी करून पाहिली, चारशे टक्के.
तिघं, त्यापुढे काहीतरी खोडलंय.
नाव असावं.
इतकं जोर लावून खोडलंय
की कागद फाटलाय तिथे,
आणि खालच्या पानावरचं एक डुक्कर दिसतंय.