बेतूलच्या धक्क्यावर वही

सालच्या मुखाशी भरती थांबली तेव्हा
रुझारीनने आदोळी पायाखाली घेतली.
माझ्या वहीत: हाडांचे मासे, कुळं दोन.
तिच्या पाटीत: आज जे गावलं ते.

मोरी तिनं आधीच बाजूला टाकली.
"हिला हाड नाही, नुसतं कुरकुरीत."

शेवट्याचे खवले उडाले, एक माझ्या चष्म्यावर बसला.
त्यावरची वर्तुळं मोजेपर्यंत
तिनं तो फुंकून दिला.

कल्ल्यावरचं झाकण अंगठ्यानं उचललं,
आत रक्ताचा कंगवा.
"लाल असला तरच घे."
श्वसनसंस्थेचा धडा संपला.

चोणकाच्या पोटातून पांढुरका फुगा निघाला.
याच्यावर तो पाण्यात तरंगत राहतो, मी म्हणालो.
"आणि आमची होडी सायबिणीच्या मेणबत्तीवर."

लेपाचे दोन्ही डोळे एकाच गालावर;
पिल्लू असताना एक पलीकडे होता, मग चालत आला.
यावर संसाराचं काहीतरी सुचत होतं मला.
गप्प बसलो.

सगळ्यांचे पर आऱ्यांचे,
छत्रीच्या काड्यांवर ताणलेलं कापड.
सांगटाचा एक काटा तिच्या तळव्यात मोडलाय,
थंडीत अजून ठसठसतो.

"आणि दुसरं कुळ?"
मांसल परांचं. मुळाशी एकच हाड.
थोडे उरलेत, खूप खोल,
आपल्या जाळ्यात येत नाहीत.

तिनं मनगट वळवलं, बांगड्याचं डोकं पडलं.
मी वहीत तिचा हात काढला:
दंडात एक हाड, पुढे दोन, मग बारीक बारीक बरीच,
वर चिकटलेले खवले.
खाली नाव लिहायला पेन्सिल टेकवली तर

"चोणकाचे साडेचारशे," ती म्हणाली,
"आणि सुटे दे."